लाईट गेली म्हणून सेटिंग उडत नाही हो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सुरू झाला की वाचकांच्या पत्रांत एक तक्रार हमखास असते, लाईट गेली आली आणि राउटरचं सगळं सेटिंग उडालं, सोसायटीच्या कॅमेऱ्याचा डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंगचा डबा, पहिल्या दिवशीसारखा कोरा झाला, ठिबकचा टायमर परत शून्यावर आला, आणि मग तिथून पुढचं अख्खं पत्र वीज कंपनीच्या नावाने. वीज कंपनीला बोल लावायला माझी काहीच ना नाही, आमच्या भागात तर लोकांनी त्यात पीएचडी केलीय, पण या एका गुन्ह्यात तुम्ही आरोपी चुकीचा पकडलाय असं मला वाटतं म्हणून हे पत्र. मी ठिबकच्या कंट्रोलरचे आणि पाण्याच्या टाकीच्या ऑटोमॅटिक पॅनेलचे बोर्ड बनवतो, दुसऱ्यांचे बिघडलेलेही दुरुस्त करतो, त्यामुळे हा विषय माझ्या टेबलावर रोजचाच आहे. पत्र लांबलंय, कापायचं तर कापा पण शेवटचा भाग ठेवा ही विनंती.

आधी एक गोष्ट. आपल्याकडे लाईट जाणं हा काही अपघात नाही. शेतीच्या लाईनला बऱ्याच ठिकाणी थ्री फेज ठरलेल्या वेळीच येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, म्हणजे शेतातलं प्रत्येक मशीन रोज बंद पडून रोज चालू होणार हे कंपनीला विकायच्या आधीपासून माहीत असतं. मग जे मशीन महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला विकायचंय त्याने रोज लाईट जाणार हे गृहीत धरूनच सेटिंग लिहायला पाहिजे की नको? युरोपात कुठेतरी वर्षातून एकदा लाईट जाते तिथलं सॉफ्टवेअर उचलून इथे डब्यात घालायचं आणि बिघडलं की "व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे साहेब" म्हणून मोकळं व्हायचं, हे मला पटत नाही.

आता सेटिंग राहतं कुठं ते सांगतो. राउटर, डीव्हीआर, सेट टॉप बॉक्स, ठिबकचा कंट्रोलर, या सगळ्यांच्या पोटात एक छोटा कॉम्प्युटरच असतो आणि त्यात दोन प्रकारची मेमरी असते. एक रॅम, फास्ट पण लाईट गेली की कोरी. दुसरी फ्लॅश, लाईट नसली तरी वर्षानुवर्षं धरून ठेवते. ही फ्लॅश काढली तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका या जपानी इंजिनीअरने १९८० च्या दशकात आणि आज पेनड्राइव्हपासून मोबाईलपर्यंत सगळीकडे तीच आहे. पण तिचा एक स्वभाव आहे. फ्लॅशमध्ये १ चा ० करता येतो, पण ० चा परत १ करायचा म्हणलं तर तेवढाच एक बिट बदलता येत नाही, आजूबाजूचा अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. साध्या राउटरमध्ये जी आठ पायांची बारकी चिप असते तिच्यात पुसायचा सगळ्यात छोटा तुकडा बहुतेक वेळा ४ केबीचा, मोठा ६४ केबीचा. म्हणजे वायफायच्या पासवर्डातलं तुम्ही एक अक्षर बदललं तरी आत कुठेतरी हजारो बाइटचा तुकडा पुसायची वेळ येते.

आणि पुसायला वेळ लागतो हो. या चिपच्या डेटाशीट काढून बघा, ४ केबी पुसायला साधारण ४५ मिलिसेकंद पण जास्तीत जास्त ४०० पर्यंत, ६४ केबीला साधारण १५० आणि वाईटात वाईट दोन सेकंद असं नेहमीच्या चिपला सरळ छापलेलं असतं. दोन सेकंदांत आमच्याकडे लाईट दोनदा जाऊन येते.

तर जुनं पुसून झालंय आणि नवीन अजून लिहून व्हायचंय, या मधल्या वेळात लाईट गेली की हातात ना जुनं ना नवं. स्वस्तातले वायफायवाले टायमर आणि टाकीचे कंट्रोलर बरेचदा ईएसपी८२६६ या चिपवर बनवलेले असतात, कॉलेजची पोरंही प्रोजेक्टला तीच वापरतात, आणि त्यात ईप्रॉम नावाची जी लायब्ररी, म्हणजे तयार कोड, आहे ती खऱ्या ईप्रॉम चिपमध्ये लिहितच नाही, फ्लॅशचा ४ केबीचा एक सेक्टर, म्हणजे वर सांगितलेला पुसायचा तुकडा, घेते, कमिट म्हणलं की तो पुसते आणि परत लिहिते. एकच सेक्टर. दुसरी कॉपी नाही. म्हणजे लाईट नेमकी तेव्हाच गेली तर सेटिंग जाणार हे त्या डिझाइनमध्येच लिहिलेलं आहे, यात वीज कंपनी काय करणार? ईएसपी८२६६ बनवणाऱ्या कंपनीच्याच पुढच्या ईएसपी३२ चिपला एनव्हीएस नावाची लायब्ररी येते, ती नवीन नोंद जुन्या नोंदीच्या पुढे लिहिते आणि प्रत्येक नोंदीला चेकसम, म्हणजे मजकूर पुरा आहे का ते ताडायचा आकडा, लावते, अर्धवट लिहिलेली नोंद चालू होताना ओळखून सोडून देते. फार तर शेवटचा बदल जातो, बाकीचं जागेवर राहतं. किमतीत फारसा फरक नाही, फरक आहे तो कोणी आधी विचार केला याचा.

हे झालं अर्धवट लिहिण्याचं. पण बऱ्याच वेळा सेटिंग उडत नाही, ते लिहिलेलंच नसतं. राउटरच्या पानावर एक बटण अप्लायचं आणि एक सेव्हचं, अप्लाय दाबलं की लगेच लागू होतं म्हणून माणूस खूश होऊन पान बंद करतो, पण ते फक्त रॅममध्ये असतं. मोठ्या ऑफिसातल्या सिस्कोच्या राउटरमध्ये हे मुद्दाम असं ठेवलंय, चालू कॉन्फिग वेगळी, स्टार्टअपची वेगळी, आणि एकीवरून दुसरीवर कॉपी मारल्याशिवाय रीबूटला काहीच उरत नाही. त्याला कारणही चांगलं आहे, लांबून काहीतरी चुकीचं सेटिंग मारून आपणच बाहेर अडकलो तर राउटर बंद-चालू केला की जुन्यावर येतो. तिथे बसलेल्या इंजिनीअरला हे माहीत असतं. पण आमच्या पाहुण्यांच्या किराणा दुकानातल्या राउटरला हाच खेळ कशाला? घरगुती मशीनवर दोन बटणं ठेवायचीच असतील तर सेव्ह केलं नसल्याचं लाल अक्षरात दिसायला पाहिजे एवढी तरी अपेक्षा आहे.

घड्याळाचं तर भलतंच. डीव्हीआरची तारीख लाईट गेल्यावर मागे जाते ते सेटिंग उडाल्यामुळे नाही, आतला बटण सेल संपलेला असतो. तो बदला, विषय संपला.

आता जरा खोलात जातो कारण खरी मेख इथे आहे. मोठे कंट्रोलर, डीव्हीआर, कॅमेरे, यांच्या आत बरेचदा लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम असते आणि सेटिंग म्हणजे साध्या टेक्स्टच्या फाइली. माझ्याकडे आलेला एक ठिबकचा कंट्रोलर सांगतो, कंपनीचं नाव सांगत नाही. तासगावकडच्या द्राक्षबागेतला, शेतकऱ्याने सगळ्या व्हॉल्व्हच्या वेळा बसवलेल्या, संध्याकाळी एक वेळ बदलली, स्क्रीनवर सेव्ह झाल्याचं आलं, मिनिटाच्या आत थ्री फेज गेली आणि परत आल्यावर सगळे व्हॉल्व्ह कंपनीच्या प्रोग्रामवर. मी बोर्डाला वायर लावून आत बघितलं तर कॉन्फिगची फाइल होती, नाव बरोबर, तारीख त्याच संध्याकाळची, आणि साइज शून्य. शून्य बाइट. फाइल आहे पण आत काही नाही.

हे कसं होतं, तर प्रोग्रामरने फाइल उघडली ती आधी रिकामी करून उघडली, मग नवीन मजकूर लिहिला, बंद केली आणि स्क्रीनवर "सेव्ह झालं" छापलं. पण लिनक्स लगेच चिपवर लिहीत नाही. ते रॅममध्ये धरून ठेवतं आणि सवडीने खाली उतरवतं, नेहमीच्या सेटिंगला ही सवड ३० सेकंदांच्या आसपास असते. रिकामी केल्याची नोंद आधी खाली गेली, मजकूर वरच राहिला, आणि लाईट गेली. स्क्रीनवरचं "सेव्ह झालं" खरं तर "सेव्ह करायला सांगितलंय" एवढंच होतं.

आणि हे काही आमच्या तासगावचंच नाही. २००९ मध्ये ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइल सिस्टिम, म्हणजे फाइली मांडून ठेवायची पद्धत, नवीन होती तेव्हा उबंटू हे लिनक्स वापरणाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर हेच झालं, मशीन हँग होऊन बंद पडलं की डेस्कटॉपच्या सेटिंगच्या फाइली शून्य बाइटच्या होऊन बसायच्या. ईएक्सटी४ सांभाळणारे थिओडोर त्सो यांनी तेव्हा स्पष्ट सांगितलं की दोष प्रोग्राम लिहिणाऱ्यांचा आहे, चिपवर पोचलंच पाहिजे असं ज्याला वाटतं त्याने तसं सांगायला हवं, आणि मग लोकांची ओरड बघून फाइल सिस्टिममध्येही थोडी सोय केली. मला दोन्ही बाजू पटतात. पण एवढ्या वर्षांनंतरही तेच करणारा बोर्ड विकला जातो त्याला काय म्हणायचं.

उपाय एवढा जुना आहे की लाज वाटावी. किराणा दुकानदार दिवाळीला नवी वही घालतो तेव्हा जुनी वही आधी फाडत नाही, सगळ्यांची बाकी नवीत उतरवतो, बेरीज ताडून बघतो आणि मगच जुनी माळ्यावर टाकतो. तसंच करायचं. नवीन सेटिंग वेगळ्या नावाच्या फाइलमध्ये लिहायचं, एफसिंक हा हुकूम मारून ते चिपवर उतरेपर्यंत थांबायचं, आणि मग रिनेम करून जुन्याच्या जागी बसवायचं. एकाच पार्टिशनवर असेल तर लिनक्समध्ये रिनेम अर्धवट होत नाही, एक तर जुनं नाव जुन्या फाइलकडे असतं नाहीतर नव्या फाइलकडे. मग ज्या फोल्डरमध्ये फाइल आहे त्यालाही एकदा एफसिंक. चार ओळींचा कोड आहे. या चार ओळी न लिहिल्यामुळे त्या शेतकऱ्याची रात्र व्हॉल्व्ह हाताने फिरवण्यात गेली.

जिथे फाइल सिस्टिमच नाही, नुसतीच चिप आहे, तिथे दोन जागा ठेवायच्या. एकदा पहिल्या जागी लिहायचं, पुढच्या वेळी दुसऱ्या, प्रत्येकाला चढता नंबर आणि चेकसम. चालू होताना दोन्ही वाचायच्या, ज्याचा चेकसम जुळतो आणि नंबर मोठा आहे ती घ्यायची. यू-बूट हा जो बूटलोडर, म्हणजे बोर्ड चालू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम, निम्म्या जगाच्या बोर्डांवर असतो त्यात ही सोय तयारच आहे, रिडंडंट एन्व्हायर्नमेंट म्हणतात, फक्त बोर्ड बनवणाऱ्याने ती चालू करायची असते. आणि करत नाहीत!

एक गोष्ट मात्र मला खरोखर धोक्याची वाटते आणि तिच्याबद्दल कोणीच लिहीत नाही. कॉन्फिग खराब सापडली की बहुतेक मशीन काय करतात, तर कंपनीच्या मूळ सेटिंगवर जातात. वरकरणी शहाणपणाचं वाटतं, निदान चालू तरी झालं. पण मूळ सेटिंग म्हणजे मूळ पासवर्डही आला, जो बऱ्याच मशीनला डब्याच्या मागे किंवा माहितीपत्रकात छापलेला असतो. सोसायटीने कॅमेऱ्याचा पासवर्ड बदलला, सेक्रेटरींनी डायरीत लिहून ठेवला, सगळे निश्चिंत, आणि एका वादळी रात्री लाईट चार वेळा गेली आली आणि सकाळी डीव्हीआर सगळ्या जगाला ठाऊक असलेल्या पासवर्डवर उघडा. कोणाला कळतही नाही कारण चित्र तर दिसतंय. म्हणून मूळ सेटिंगवर जायच्या आधी शेवटच्या चांगल्या कॉपीवर गेलं पाहिजे, आणि खरंच मूळ सेटिंगवर जावं लागलं तर बाहेरून इंटरनेटने आत शिरायचा रस्ता बंद ठेवूनच चालू व्हायला पाहिजे. ठिबकच्या बाबतीतही तसंच, प्रोग्राम हरवला तर व्हॉल्व्ह बंद राहिले पाहिजेत, कंपनीतल्या कोणीतरी डेमोसाठी टाकलेल्या वेळेवर उघडायला नको.

चांगलं काम बघायचं असेल तर ओपनडब्ल्यूआरटी बघा, राउटरमध्ये कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या जागी टाकायचं फुकटचं लिनक्स. लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी नावाचा एक निळा-काळा राउटर होता, त्यात लिनक्स आहे हे लोकांच्या लक्षात आलं, लायसन्सच्या नियमामुळे कंपनीला २००३ मध्ये सोर्स कोड द्यावा लागला आणि त्यातून २००४ मध्ये हा प्रोजेक्ट उभा राहिला. त्या राउटरच्या बऱ्याच मॉडेलांत फ्लॅश होती अवघी ४ एमबी, मोबाईलवरचा एक फोटो त्याहून मोठा असतो. तेवढ्यात त्यांनी काय केलं, तर मूळ सिस्टिम दाबून स्क्वॉशएफएसमध्ये ठेवली, तिच्यात लिहिताच येत नाही, त्यामुळे लाईट कितीही वेळा गेली तरी ती खराब होत नाही. उरलेल्या जागेत जेएफएफएस२ नावाची फ्लॅशसाठीच बनवलेली फाइल सिस्टिम, ती जुन्या जागेवर न लिहिता पुढे पुढे लिहीत जाते आणि प्रत्येक तुकड्याला चेकसम लावते. दोन्ही थर एकावर एक ठेवून एकच फोल्डर असल्यासारखे दाखवतात. तुम्ही बदललेलं तेवढं वरच्या थरात, रीसेट म्हणजे फक्त वरचा थर पुसणे. मला हे डिझाइन इतकं आवडतं की पोरांना शिकवताना मी हेच उघडून दाखवतो.

पण तिथेही खाचखळगे आहेत आणि आपल्याकडे जी मंडळी जुने राउटर घेऊन हे टाकतात त्यांच्यासाठी सांगतो. कमांडने सेटिंग बदलताना यूसीआय सेट मारून थांबायचं नाही, यूसीआय कमिट मारल्याशिवाय ते खाली उतरत नाही. नवीन टाकल्यावर पहिल्यांदा चालू होतो तेव्हा जेएफएफएस२ ची जागा तयार होईपर्यंत वरचा थर काही वेळ रॅममध्येच असतो, त्या वेळात घाईने सेटिंग करून प्लग काढला तर गेलं, पहिल्यांदा चहा पिऊन यावं. आणि फ्लॅश फारच छोटी असेल, उरलेल्या जागेत पुसायचे पाच ब्लॉकही बसत नसतील तर जेएफएफएस२ उभंच राहत नाही, लॉगमध्ये "टू फ्यू इरेज ब्लॉक्स" असं येतं आणि राउटर गुपचूप रॅमवर चालतो, सगळं नीट दिसतं आणि दर रीबूटला कोरा. लोक अडॅप्टर बदलतात, राउटर बदलतात, लॉग मात्र बघत नाहीत. अपग्रेड करतानाही तसंच, सिसअपग्रेड ही अपग्रेडची कमांड ठरलेल्या यादीतल्याच फाइली सांभाळून नेते, तुम्ही स्वतः कुठे काही ठेवलं असेल तर त्याचं नाव सिसअपग्रेडच्या कॉन्फ फाइलमध्ये घालायला लागतं.

आता झिजण्याबद्दल. फ्लॅश पुसून पुसून झिजते, ही राउटरमधली चिप साधारण १ लाख वेळा पुसता येते असं सांगतात, मोबाईलमधली दाट प्रकारची त्याहून खूप कमी, काही हजार वेळाच. १ लाख म्हणजे खूप वाटतं ना? ठिबकचा कंट्रोलर दर मिनिटाला "आता कितव्या व्हॉल्व्हवर आहे" हे एकाच सेक्टरमध्ये लिहीत असेल तर दिवसाला १४४० वेळा, म्हणजे ७० दिवसांत लाख पुरे. ऑक्टोबर छाटणीला लावलेला कंट्रोलर द्राक्षं उतरायच्या आधीच हमीच्या बाहेर. अशी सतत बदलणारी नोंद सेटिंगच्या शेजारी ठेवायचीच नाही, ती रॅममध्ये ठेवा, नाहीतर बरेच सेक्टर आळीपाळीने वापरा, नाहीतर थोडे पैसे जास्त घालून एफरॅम या लाईट गेली तरी धरून ठेवणाऱ्या दुसऱ्या जातीच्या मेमरीची चिप लावा, ती लाख कोटी वेळांच्या पुढे लिहिता येते.

हे फक्त गरीब बोर्डांचं आहे असं समजू नका. २०२१ च्या फेब्रुवारीत टेस्लाने अमेरिकेत सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या याच कारणासाठी परत बोलावल्या, २०१२ ते २०१८ मधल्या मॉडेल एस आणि २०१६ ते २०१८ मधल्या मॉडेल एक्स. मधल्या मोठ्या स्क्रीनच्या कॉम्प्युटरमध्ये ८ जीबीची फ्लॅश होती, तिचे ब्लॉक साधारण ३००० वेळा पुसण्याजोगे, आणि गाडी रोज तिच्यात लिहीत होती, पाच-सहा वर्षांत चिप संपली की स्क्रीन बंद, मागचा कॅमेरा दिसेना, काचेवरचं धुकं घालवायचं सेटिंग हाती येईना. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा खात्याने पत्र लिहिल्यावर कंपनी हलली. एवढी महागडी गाडी आणि आत आजार तोच.

आणि त्याच्याही वर जायचं तर मंगळावर. जानेवारी २००४ मध्ये नासाची स्पिरिट गाडी तिथे उतरली आणि मंगळावरच्या अठराव्या दिवशी गप्प झाली, परत परत रीबूट होत राहिली. फ्लॅशमध्ये फाइली इतक्या साठल्या होत्या की चालू होताना त्यांची यादी रॅममध्ये मावेना, मावेना म्हणून रीबूट, रीबूट झाली की परत तीच यादी. तिथे जाऊन पिन टोचून रीसेट कोण मारणार? पण त्या लोकांनी फ्लॅशला हात न लावता नुसत्या रॅमवर चालू व्हायची एक वाट आधीच ठेवलेली होती, पृथ्वीवरून त्या वाटेने चालू केली, फाइली काढल्या, पुढे फ्लॅश फॉरमॅट केली. नव्वद दिवसांसाठी पाठवलेली गाडी २०१० पर्यंत बोलत होती. आमच्याकडच्या टाकीच्या कंट्रोलरला फ्लॅश खराब झाली तर निदान हाताने मोटर चालू करायचं बटण तरी चालावं, एवढं मागितलं तर जास्त होतं का? काही मॉडेलमध्ये तेही सॉफ्टवेअरमधूनच जातं.

कोणी म्हणेल हे सगळं करायला खर्च येतो. बघा, दोन वॅटचा बोर्ड, १२ व्होल्टचा अडॅप्टर, त्याला ४७०० मायक्रोफॅरडचा एक कॅपॅसिटर लावला तर लाईट गेल्यावर १२ वरून ७ व्होल्टवर उतरेपर्यंत साधारण एक दशांश सेकंद मिळतो. पुसायला तो कमी पडू शकतो हे वर सांगितलंच, पण लिहायला भरपूर आहे, कारण २५६ बाइट लिहायला या चिपला जास्तीत जास्त ३ मिलिसेकंद लागतात. म्हणून एक सेक्टर नेहमी आधीच पुसून तयार ठेवायचा, लाईट गेल्याचं कळलं की फक्त लिहायचं. आणि व्होल्टेज हळूहळू पडत असताना प्रोसेसर वेड्यासारखा काहीही लिहू नये म्हणून ब्राउन-आउटची सोय, म्हणजे व्होल्टेज फार खाली गेलं की प्रोसेसर थांबवणं, चालू ठेवायची, ती बहुतेक चिपमध्ये फुकट असते. गावाकडे लाईट जाते त्यापेक्षा अर्धवट राहते हा जास्त मोठा ताप आहे, १५० व्होल्टवर तासभर लुकलुकत बसते, तेव्हा हीच सोय कामाला येते. खर्च म्हणाल तर एक कॅपॅसिटर आणि थोडा विचार.

म्हणून माझी मागणी. ग्रामपंचायती, शाळा, सोसायट्या, पाणीपुरवठा योजना यांच्या खरेदीत वॉरंटी, वॅट, आयएसओ असं सगळं लिहिलेलं असतं, त्यात एक ओळ घाला, सेटिंग बदलून सेव्ह दाबल्यावर लगेच प्लग काढायचा, मग थोडं थांबून काढायचा, असं वारंवार करून दाखवा, मशीनवर जुनं सेटिंग आलं तरी चालेल, नवं आलं तरी चालेल, कोरं किंवा कंपनीचं आलं तर माल परत. याला लॅब लागत नाही, शिपाईसुद्धा ही टेस्ट घेऊ शकतो. ज्यांच्या घरी आधीच मशीन आहे त्यांनी सेटिंगचा बॅकअप डाउनलोड करायचं बटण शोधा, असतं कुठेतरी, आणि ती फाइल मोबाईलमध्ये ठेवा, आणि मोठी लाईट गेल्यावर डीव्हीआरचा पासवर्ड आपलाच आहे ना तेवढं एकदा बघा. शाळांत रास्पबेरी पाय हे छोटे कॉम्प्युटर लावलेत त्यांनी त्यातल्या रास्पी-कॉन्फिग या सेटिंगच्या प्रोग्राममध्ये ओव्हरले फाइल सिस्टिम चालू करून टाका, कार्डावर लिहिणंच बंद होतं, मग पोरांनी कितीही वेळा मेन स्विच पाडला तरी फरक पडत नाही.

आपल्या शेती पुरवणीत ठिबक आणि ऑटो स्टार्टरच्या पानपानभर जाहिराती येतात, त्या कंपन्यांना आपल्या बातमीदाराने एवढं विचारावं की तुमच्या मशीनमध्ये सेटिंगच्या दोन कॉपी असतात का एक. आणि डिसेंबरात मोशीला किसान प्रदर्शनाला जाणाऱ्या वाचकांनी स्टॉलवर उभ्या असलेल्या पोराकडून माहितीपत्रक घेण्याआधी एक व्हॉल्व्हची वेळ बदलायला लावावी, सेव्ह दाबायला लावावं आणि म्हणावं आता प्लग काढ बघू. मशीन चालूच असतं आणि प्लग टेबलाखालीच असतो.

कळावे,
आपला,
एक वाचक, मिरज